महाडीबीटीचा अर्ज रिजेक्ट झाला? आधी शेरा वाचा, मग धावपळ करा

महाडीबीटी म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरायचं पोर्टल. तिथं स्कॉलरशिप नाकारली म्हटलं की घरात ठरलेली वाक्यं सुरू होतात. "आपली कुठं ओळख नाही ना, म्हणून." "पैसे खाऊ घातले असते तर झालं असतं." मी तालुक्याच्या गावात पोरांचे हे फॉर्म भरून देतो, त्यामुळे दरवर्षी ऑगस्टपासून मार्चपर्यंत हेच ऐकत असतो. पण बहुतेक वेळा परिस्थिती बघून वगैरे कुणी नाकारलेलंच नसतं हो, टेबलावर बसलेल्या माणसाने तुमचं घर कुठं बघितलंय, त्याच्यासमोर चार पीडीएफ असतात आणि त्यातलं एक दुसऱ्याशी जुळत नसतं, तेवढंच. त्यामुळे नाकारलं कळल्यावर पहिलं काम रडणं नाही आणि आमदाराच्या पीएला फोन करणं पण नाही. पहिलं काम म्हणजे अर्ज नक्की कोणत्या टेबलावर अडकला आणि तिथं काय शेरा मारलाय ते शोधणं.

लॉगिन करा आणि माय अप्लाइड स्कीममध्ये जाऊन स्टेटस बघा. मेसेजची वाट बघत बसू नका, कारण फॉर्म भरताना नंबर सायबरवाल्याचा टाकलेला असतो किंवा जुनं सिम बंद पडलेलं असतं आणि मग मेसेज कुणाला येतात देव जाणे. तिथं दोन शब्दांत फरक करायला शिका. सेंड बॅक म्हणजे अर्ज तुमच्याकडे परत आलाय, चूक दुरुस्त करा आणि पुन्हा सबमिट करा. रिजेक्ट म्हणजे त्या टेबलाने नाही म्हटलंय. पोरं सेंड बॅकलाच रिजेक्ट समजून सोडून देतात, आणि मुदत गेली की मग तो खरंच गेल्यात जमा होतो! जाहीर केलेली तारीख बऱ्याचदा पुढं ढकलतात आणि मागच्या वर्षीचे परत पाठवलेले अर्ज दुरुस्त करायलाही विभाग कधीकधी मध्येच मुदत देतो, त्यामुळे पोर्टलच्या पहिल्या पानावरच्या सूचना आठवड्याला एकदा तरी वाचत जा. आणि हो, तिथंच राइट टू गिव्ह अप असं एक बटण असतं, ते म्हणजे मी ही स्कॉलरशिप स्वतःहून सोडतोय. उत्सुकता म्हणून दाबून बघायची वस्तू नाही ती.

आता टेबलं कोणती ते सांगतो. तुम्ही सबमिट केलं की अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे जातो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, आणि तिथून विभागाकडे. एससीचा असेल तर जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे, एसटीचा आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयाकडे, ओबीसी, व्हीजेएनटी (भटके-विमुक्त) आणि एसबीसीचा (विशेष मागास) बहुजन कल्याण विभागाकडे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला सगळे ईबीसी म्हणतात, तिचा अर्ज इंजिनिअरिंग, फार्मसीवाल्यांचा तंत्रशिक्षणकडे आणि बीए, बीएस्सी, बीकॉमवाल्यांचा उच्च शिक्षणकडे. हे पाठ करायची गरज नाही, पण कॉलेजच्या क्लार्कने अडवलेल्या अर्जासाठी लोक गाडीभाडं खर्चून जिल्ह्याला जातात आणि तिथला माणूस म्हणतो की आमच्याकडे आलाच नाही अजून. क्लार्कने का अडवला विचारलं तर निम्म्या वेळा उत्तर असतं, ऑनलाइन भरला पण हार्डकॉपी जमा केली नाही.

शेरा इंग्रजीत असतो आणि मोघम असतो. इन्कम सर्टिफिकेट नॉट प्रॉपर. आता नॉट प्रॉपर म्हणजे काय ते तुम्हीच ओळखायचं. माझ्या अनुभवात त्याचे अर्थ ठरलेले आहेत. एक तर दाखला चुकीच्या वर्षाचा आहे, म्हणजे योजनेला मागच्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न हवं असतं, १ एप्रिल ते ३१ मार्च, आणि तुम्ही त्याच्याही आधीचं जोडलंय. दाखल्याच्या खाली अमुक ३१ मार्चपर्यंत वैध असं लिहिलेलं असतं ते आधी बघा. नाहीतर बारकोड नंबर टाकताना एक आकडा चुकलाय, किंवा मोबाइलने फोटो काढून अपलोड केलाय आणि बारकोडच्या जागी ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा आलाय. नाहीतर नाव. दाखल्यावर बाळू, आधारवर बाळासाहेब, रेशनकार्डवर बाळकृष्ण, आणि तिघं एकच गृहस्थ, मुलीचे वडील, माझ्यासमोर टोपी काढून बसलेले! अशा वेळी सगळीकडची नावं बदलायच्या मागे लागू नका, त्यात वर्ष जाईल. जो कागद सगळ्यात लवकर दुरुस्त होतो तो दुरुस्त करा, आणि तो बहुतेक वेळा उत्पन्नाचा दाखलाच असतो, आधारप्रमाणे नाव टाकून नवीन काढायचा. विभाग मागत असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र सोबत.

उत्पन्नाच्या दाखल्यावर जरा जास्त बोलतो, कारण सगळा खेळ तिथंच आहे. दाखला तहसीलदारांचा, अर्ज महा ई-सेवा केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून करायचा, शेती-मजुरीवाल्यांना तलाठ्याचा अहवाल, नोकरीवाल्यांना फॉर्म १६ किंवा रिटर्न. दाखला द्यायची मुदत १५ दिवसांची आहे. आता गंमत काय होते, की तलाठी अहवाल लिहिताना सातबारावरचं क्षेत्र बघतो, आठ-अ म्हणजे खातेउतारा बघतो आणि आकडा टाकतो, आणि त्या सातबारावर तुमच्या वडिलांसोबत तीन चुलते असतात, वाटणी तोंडी झालेली असते, कागदावर नाही. मग उत्पन्न फुगतं. इथं भांडण करून उपयोग नाही, आठ-अ वर वडिलांच्या वाट्याला नेमकं किती आहे ते दाखवा, सामाईक खातेदारांची नावं दाखवा आणि दुरुस्तीचा लेखी अर्ज द्या. दाखला नाकारला किंवा मुदत उलटून गेली तरी काही हालचाल नाही, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ आहे, त्यात प्रथम अपील करता येतं, ३० दिवसांच्या आत. अपील अधिकारी कोण ते त्याच कार्यालयातल्या बोर्डावर लिहिलेलं असायला पाहिजे. नसेल तर त्या रिकाम्या भिंतीचा फोटो काढा, अपिलात जोडायला होतो.

अजून एक घोळ, विशेषतः ओबीसी घरांत. "आमच्याकडे नॉन-क्रिमीलेअर आहे, मग उत्पन्न जास्त कसं?" नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे आरक्षणासाठीचा दाखला, ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. तहसीलदारांच्या दाखल्यात दोन्ही धरतात. म्हणजे वडील शिक्षक आहेत, पगार वर्षाला नऊ लाख, तर नॉन-क्रिमीलेअर मिळेल, ॲडमिशन ओबीसीतून होईल, आणि आठ लाखांची मर्यादा असलेल्या फी सवलतीत मात्र तोच मुलगा बसणार नाही. यात कुणी अन्याय केलेला नाही, नियमच दोन आहेत. इथं वेळ घालवू नका.

जिथं वेळ घालवून उपयोग नाही अशा अजून काही जागा आहेत त्या एकदम सांगून टाकतो म्हणजे चपला झिजायच्या नाहीत. मॅनेजमेंट कोट्यातून ॲडमिशन घेतली असेल तर ईबीसीही नाही आणि एससीची मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरची) शिष्यवृत्तीही नाही, इंजिनिअरिंग, फार्मसी, एमबीएसारख्या कोर्सला कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, यायला लागतं. खासगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठात प्रवेश घेतला असेल तर मुलींच्या १०० टक्के फी सवलतीत ते धरत नाहीत. तो ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींसाठी, उत्पन्न आठ लाखांच्या आत, आणि त्यात ही विद्यापीठं स्पष्ट वगळलीत. पुण्याच्या आसपास किती चकचकीत विद्यापीठं झालीत बघताय ना, ॲडमिशनच्या वेळी काउन्सेलर "स्कॉलरशिप होऊन जाईल" म्हणतो, त्याला तिथल्या तिथं लेखी मागा, चेहरा बघा मग. ईबीसीत एका कुटुंबातल्या दोनच मुलांना लाभ मिळतो, तिसऱ्याला नाही. आणि नापास होऊन त्याच वर्षात राहिलात तर त्या वर्षाचे पैसे परत मिळत नाहीत.

आता उलट बाजू. काही अर्ज नाकारले जातात कारण पोराने योजनाच चुकीची निवडलेली असते, आणि मला सगळ्यात जास्त वाईट याच अर्जांचं वाटतं. एससीची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाखांपर्यंत आहे. घरचं उत्पन्न दोन लाख साठ हजार निघालं की अर्ज रिजेक्ट, आणि घरचे समजतात की संपलं. संपलेलं नसतं! अडीच लाखांच्या वर असेल तर त्याच पोर्टलवर फ्रीशिप नावाची वेगळी योजना आहे, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची, निर्वाह भत्ता मिळत नाही पण फी सुटते. ओबीसीतही शिष्यवृत्ती वेगळी आणि फीमाफी वेगळी, दोन्हींच्या मर्यादा वेगळ्या. त्यामुळे उत्पन्न जास्त असा शेरा आला की जास्त म्हणजे कोणत्या मर्यादेपेक्षा जास्त, हे विचारायचं आणि त्याच विभागाच्या बाकीच्या योजना उघडून बघायच्या. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून बाहेर खोली करून राहणाऱ्या एससी आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे, राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात, मोठ्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत. वसतिगृह नाकारलं म्हणून रडत बसलेल्या मुलाला हे कुणी सांगत नाही, जरी ते नाकारणंच इथं पात्रता असतं.

परिस्थिती यंदा बदललीय आणि दाखला मागच्या वर्षीचा आहे, असंही होतं. कमावते वडील गेले असतील तर मृत्यू दाखला जोडून आईच्या उत्पन्नाचा नवीन दाखला काढा. आई-वडील वेगळे झालेत तर कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रत लागते, तोंडी सांगून चालत नाही. वडिलांची नोकरी यंदा सुटली असेल तर मात्र कठीण आहे, कारण मागच्या वर्षीचा पगार दाखल्यात दिसणारच. तो लाभ पुढच्या वर्षी धरेल, यंदासाठी कॉलेजकडे हप्ते मागा.

सगळं बरोबर असूनही नाकारलं असेल तर लेखी जा. फोन नको, व्हॉट्सॲप नको, "साहेब जरा बघा ना" नको. साधा कागद, साधी भाषा, साधारण असं:

प्रति, मा. (ज्या टेबलाने नाकारलं त्या अधिकाऱ्याचं पद आणि कार्यालय).
विषय: शिष्यवृत्ती अर्ज नाकारल्याबाबत फेरतपासणी होणेबाबत.
महोदय, मी अमुक महाविद्यालयात अमुक वर्षात शिकत असून माझा महाडीबीटी अर्ज क्रमांक अमुक आहे. सदर अर्ज दिनांक अमुक रोजी "अमुक" असा शेरा देऊन नाकारण्यात आला आहे. माझा उत्पन्नाचा दाखला क्रमांक अमुक, दिनांक अमुक रोजी तहसीलदार अमुक यांनी दिलेला असून तो अमुक तारखेपर्यंत वैध आहे व त्यातील उत्पन्न योजनेच्या मर्यादेत आहे. तरी अर्ज पुन्हा तपासून मंजूर करावा, अथवा नाकारण्याचे कारण संबंधित शासन निर्णयाच्या उल्लेखासह लेखी कळवावे.

बस. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, ते काढू नका. घरची गरिबी, आईचं आजारपण, बहिणीचं लग्न, हे सगळं खरं असलं तरी या कागदात घालू नका, वाचणारा माणूस वाईट नसतो पण त्याला त्यावर सही करता येत नाही, त्याला दाखला क्रमांकावर सही करता येते. कागदाच्या दोन प्रती काढा, एक आवक खिडकीवर द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक मारून पोच घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर पोच घेतल्याशिवाय हलू नका. अगदीच घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

पोच घेऊन काही दिवसांत उत्तर नाही आलं तर पोर्टलवरची तक्रार टाका, आपले सरकारच्या तक्रार निवारणावर पण टाका, दोन्हीकडे आवक क्रमांक लिहा. आणि तरी शांतता असेल तर माहिती अधिकार, २००५ चा कायदा. फी दहा रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तीही नाही, आणि उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. त्यात "मला न्याय द्या" लिहायचं नसतं. माझ्या अर्ज क्रमांकावर कोणत्या तारखेला कोणत्या अधिकाऱ्याने काय शेरा दिला त्याची प्रत, आणि ज्या शासन निर्णयाच्या आधारे नाकारलं त्याची प्रत, एवढं मागायचं. खूपदा या अर्जाचं उत्तर यायच्या आतच मूळ काम होऊन जातं, का ते मला विचारू नका.

मंजूर होऊनही पैसे न येणं हा प्रकार लोक नाकारण्यातच धरतात म्हणून तेही. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे, पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, पासबुकची झेरॉक्स ज्या खात्याची दिली तिथंच जातात असं नाही. आधार सगळ्यात शेवटी ज्या बँकेत सीड केलं ती बँक. सिम घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन पेमेंट्स बँकेचं खातं उघडलेलं असतं, पोराला पत्ता नसतो, आणि पैसे तिथं जाऊन बसतात. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस ओटीपीने बघता येतं, ते फॉर्म भरायच्या आधी बघा, बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म द्या. आणि त्या पैशात कॉलेजच्या फीचा वाटा असतो, तो आला की लगेच कॉलेजला भरा, मोबाइल घेऊ नका त्याचा. हे लिहावं लागतंय कारण लोक घेतात.

मधल्या काळात कॉलेज फीसाठी मागे लागतं, परीक्षेचा फॉर्म अडवतं. अर्ज प्रलंबित असल्याचा स्क्रीनशॉट आणि पोच जोडून प्राचार्यांना लेखी द्या की निर्णय होईपर्यंत फॉर्म भरू द्यावा. तोंडी विनंतीला क्लार्क नाही म्हणतो, लेखीवर नाही लिहून द्यायला प्राचार्य कचरतात. खासगी व्यावसायिक कॉलेज असेल तर शुल्क नियामक प्राधिकरणाने तुमच्या कॉलेजची फी किती ठरवलीय तेही साइटवर बघून घ्या, त्याच्या वर मागत असतील तर तो वेगळा आणि तुमच्या बाजूचा मुद्दा आहे.

राज्याचं खरंच बंद झालं असेल तर इतर दारं. बारावीला बोर्डाच्या ८० पर्सेंटाइलच्या वर असाल आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत, तर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर केंद्राची योजना आहे, पदवीची पहिली तीन वर्षं दरवर्षी १२ हजार. टेक्निकल डिप्लोमा किंवा डिग्रीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलींना एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती, वर्षाला ५० हजार, आठ लाखांची मर्यादा, आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना सक्षम, तितकीच. मात्र दुसरी सरकारी स्कॉलरशिप चालू असताना या घेता येत नाहीत, म्हणून राज्याची नाकारलेली असणं इथं आडवं येत नाही. पुण्यात शिकत असाल तर विद्यापीठाची कमवा व शिका योजना आहेच, लाजायचं काही नाही त्यात, आणि विद्यार्थी सहाय्यक समिती ग्रामीण भागातल्या मुलामुलींना राहण्या-जेवणाची सोय कमी पैशांत देते, १९५५ पासून चालू आहे, पण तिचे अर्ज उन्हाळ्यात, निकालाच्या सुमारास येतात, दिवाळीत जाऊन उपयोग नाही.

कर्ज सगळ्यात शेवटी बघा, पण बघायचंच असेल तर सावकार आणि ॲपवाल्यांच्या आधी बँक. चार लाखांपर्यंत साधारणपणे तारण किंवा तिसऱ्याचा जामीन मागत नाहीत, आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून पुरतात. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि कोर्स व्यावसायिक, कॉलेज नॅक किंवा एनबीए मानांकित असेल तर शिकत असतानाचं आणि पुढच्या एक वर्षाचं व्याज केंद्र भरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी मंजूर केली, त्यात ठराविक नामांकित संस्थांत असाल आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर त्या काळात ३ टक्के व्याज सवलत आहे, आणि ती नेमकी त्यांनाच ज्यांना दुसरी सरकारी स्कॉलरशिप मिळत नाही. तुमचं कॉलेज यादीत आहे का ते विद्यालक्ष्मी पोर्टलवर दिसतं. बँकेचा मॅनेजर अशी योजनाच नाही म्हणाला तर अर्ज पोर्टलवरूनच टाका. उत्पन्नाचा पुरावा तिथंही लागतो, त्यामुळे दाखला काढाल तेव्हा पीडीएफ स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा, आमच्या सेंटरच्या कॉम्प्युटरवर शोधायला येऊ नका.